वितोल्ड, श्वास सोड

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला,
ग्दिनियाच्या दवाखान्यामागल्या तळघरात
आम्ही सात जोडपी बूट काढून
निळ्या चटयांवर बसतो.
माणसं चौदा. आतली जमेस धरली तर एकवीस.
नाही, बावीस. दोब्रोमिलाला जुळी आहेत,
आणि हे कुणी विसरलेलं तिला चालत नाही.

सुईणबाई वान्दा, वय बासष्ट,
आवाज असा की गोदीचा भोंगा लाजावा.
या गावातली चार हजार पोरं तिनं हातावर झेलली,
त्यातलाच मी एक, असं तिचं म्हणणं.
"डोकं केवढं होतं तुझं!" ती सगळ्यांदेखत सांगते,
"तुझी आई तीन तास मला शिव्या घालत होती."
बोझेना माझ्या डोक्याकडे बघते,
मग स्वतःच्या पोटाकडे,
मग पुन्हा माझ्या डोक्याकडे.
घरी पोचेपर्यंत अबोला.

सुरुवात श्वासापासून.
पस्तीस वर्षं मी श्वास घेत आलोय,
कुणाची तक्रार नव्हती.
इथे कळलं, सगळेच्या सगळे चुकले.
नाकानं आत, चार आकडे;
तोंडानं बाहेर, सहा,
समोरची ज्योत विझवायची नाही, नुसती थरथरवायची.
मी इतक्या मनापासून केलं
की डोळ्यांपुढे काजवे चमकले
आणि सात गरोदर बायकांनी मिळून
मला भिंतीशी टेकवून पाणी पाजलं.

मी बंदरात क्रेन चालवतो.
तीस टनांचा कंटेनर
जहाजाच्या पोटातून अलगद उचलतो,
बोटभर फटीत नेमका बसवतो,
आतल्या काचसामानाला पत्ता लागत नाही.
आणि इथे तीन किलोची रबरी बाहुली
दुपट्यात गुंडाळायची म्हटली
तर एक पाय कायम बाहेर.
पुढच्या खेपेला डोकं गायब.
त्याच्या पुढच्या खेपेला दुपटं अगदी सुबक,
चारी कोपरे जागच्या जागी,
बाहुली चटईवर.
"लिहून घे," वान्दाबाई म्हणाली,
"बाळ आत ठेवायचं असतं."

लिहून घेतलं ते इरेनेउशनं.
तो बँकेत आहे. कळांमधल्या अंतराचा
त्यानं आधीच तक्ता आखलाय, दोन रंगांत.
"साधारण किती वाजता होईल?" त्यानं विचारलं.
"साहेबांना विचार," बाई म्हणाली,
आणि त्याच्या बायकोच्या पोटाकडे बोट केलं.

मग बर्फाचा दिवस.
एकेक खडा मुठीत, एक मिनिट,
कळ कशी येते त्याची ही नुसती तोंडओळख.
बायका खिडकीकडे बघत गप्प बसल्या,
कुणी जांभई दिली,
कुणी बाळंतविडा कुठून घेतला ते विचारलं.
पुरुषांच्या रांगेत मात्र प्रसूतिगृह उघडलं:
कण्हणं, कुंथणं, सगळे संत एका दमात,
आणि कुणीतरी "आई गं" म्हणालं.
मी नव्हतो. बहुतेक.

चित्रफीत दाखवली त्या संध्याकाळी
आम्ही बाप बाहेर सायकलींपाशी उभे राहिलो.
कुणीतरी फुटबॉलचा विषय काढला.
कुणालाच एकही खेळाडू आठवेना.

परवा शेवटचा वर्ग.
वान्दाबाईनं चटया गुंडाळल्या, बाहुल्या खोक्यात कोंबल्या,
आणि दारात उभं राहून सांगितलं,
"शिकलात ते सगळं ऐनवेळी विसराल.
हरकत नाही. ओरडायला मी आहे."

परतताना ट्रॉलीबसमध्ये
बोझेनानं एकदम माझं मनगट धरलं, करकचून.
"कळ?" माझा आवाज कुठल्या कुठे चिरकला.
मी मनातल्या मनात पिशवी भरली, कुलूप लावलं,
दवाखान्याचा नंबर विसरलो.
"मला काही नाही," ती म्हणाली.
"तूच तीन थांब्यांपासून निळा पडत चाललायस.
वितोल्ड, श्वास सोड."

सोडला.
सहा आकडे. खिडकीच्या काचेवर वाफेचा एक गोळा उमटला,
तिनं बोटानं त्याला दोन डोळे काढले,
आणि डोकं, जरा विचार करून,
लहानच ठेवलं.