चार टाक्या

लॅमिंग्टन रोडला छेडानं विचारलं,
काका, महिन्याला पानं किती?
मी बोटांवर मोजली.
हयातीचा दाखला, वर्षातून एक, नोव्हेंबरात.
लाइटबिल.
सोसायटीच्या नोटिशीला माझं उत्तर,
त्याला सोसायटीचं उत्तर, त्यावर परत माझं.
आणि एक हत्ती.

हत्ती?

नातीनं काढून फोनवर पाठवलाय. जांभळा आहे.

खालचं झेरॉक्स चालू असतं तर मी इथवर आलोच नसतो.
शेट्टी दोन रुपयांत पान काढायचा,
काढता काढता वाचायचा,
म्हणायचा, घागसाहेब, इतकं कडक नका लिहू.
आता ती बिल्डिंगच पाडली.
पत्र्यामागे नुसता खड्डा, खड्ड्यात पंप.

तुषारचा फोन आलाच बदलापूरहून.
पप्पा, लेझर. डोकं लावू नका, लेझर.

छेडानं लेझर लावून दाखवलं.
पान गरम आलं, इस्त्रीवाल्याकडून आलेल्या शर्टासारखं.
अक्षर काळंकुळकुळीत, ओला अंगठा फिरवला तरी हललं नाही.
यात पावडर असते काका, सुकायचा प्रश्नच नाही.
वर्षभर झाकून ठेवा, नोव्हेंबरात बटण दाबा,
दाखला हजर.
म्हटलं, म्हणजे मधले अकरा महिने
मी हयात नसलो तरी मशीनला चालेल.
तो हसला नाही. चहा मागवला.
माझा हत्तीही त्यानं काढून दिला त्यावर.
करडा आला.
हत्ती करडाच असतो की, छेडा म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.

मग दुसरं मशीन. पुढच्या अंगाला चार टाक्या,
काळी, निळी, किरमिजी, पिवळी,
काचेतून पातळी दिसते.
हिची एक कटकट आहे, तो म्हणाला.
आठवड्याला एक तरी रंगीत पान काढायचं.
नाहीतर नळ्या सुकतात, बारीक भोकं बुजतात,
मग बसा शाई ओतत आणि साफ करत.

नळ्यांचं मला सांगत होता.

एकतीस वर्षं जल खात्यात चावीवाला होतो मी.
पहाटे चार दहाला टेंभीपाडा,
पावणेपाचला गाढवनाका.
खांद्यावर माझ्या छातीएवढी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, आटे मोजत फिरवायचं,
सतरा, अठरा, एकोणीस,
की पायाखाली घरघर सुरू.
दोन दिवस बंद राहिलेली लाइन आधी खोकते.
हवा सोडते, गढूळ थुंकते.
वरच्या मजल्यावरून बायका माझं नाव घेऊन ओरडतात.
ओरडू द्यायचं. चावी सोडायची नाही.

हिशेब लेझरच्या बाजूनं होता.
मला हिशेब कळतो.
म्हटलं, टाक्यांचं द्या.

दर आठवड्याला हां काका, विसरायचं नाही.
म्हटलं, वार सांगा, आणि वेळ सांगा.

घरी हिनं मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला.
मी काढला. तिनं परत घातला.
तो वाद अजून मिटलेला नाही.

रविवारी चार दहाला जाग आलीच,
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी येते.
मोरीतल्या पिंपात धार लागली चार बाराला.
माझ्या जागी जो कोण आलाय, दोन मिनिटं उशीर करतो.
मी दिवा न लावता बटण दाबलं.
आत काहीतरी खाकरलं, इकडून तिकडे सरकलं,
आणि हत्ती यायला लागला, सोंडेकडून,
एकेक पट्टी.
जांभळा म्हणजे निळी आणि किरमिजी
दोन्ही लायनी एकदम सोडायच्या,
हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.
कान आले. डोळा आला, पापण्यांसकट.
मग खाली केळ्यांचा घड,
आणि पिवळी रेघ मध्येच तुटली.

हवा धरली असणार.
मी मशीनला कान लावला, उजव्या बाजूला, टाकीपाशी.
थांबलो.
येईल.