नाकी नऊ

मुर्मान्स्कमध्ये जूनचा सूर्य
निवृत्त माणसासारखा वागतो:
कुठे जायचं नसतं, तरी घरी जात नाही.

तइसियाने खिडकीला चंदेरी कागद डकवलाय,
त्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, त्यावर घोंगडी.
एका खिळ्याच्या भोकातून तरीही
दाभणाएवढा उजेड आत येतो
आणि नेमका उशीवर पडतो.

एकतीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर काढली तिने.
कोळसा उचलायचा, कोळसा ठेवायचा.
रात्रपाळी, दिवसपाळी, परत रात्रपाळी.
आता तिची कुठलीच पाळी नाही,
पण रात्री दोन चाळीसला
उजवा हात गादीवर दांडा शोधतो.

भाच्याने, मिरोनने, बाटली आणली
करंगळीएवढी, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीखाली.
लेबलवर पेनने लिहिलेली तारीख.
"पेप्टाइड आहे, मावशी. नऊ मणी, एकाच दोऱ्यात.
झोपेची आठवण करून देतात म्हणे मेंदूला."
"कोण म्हणे?"
मिरोन बुटाच्या नाड्या बांधू लागला.

झोपेपायी नाकी नऊ आलेच होते,
आता ते मोजून आले.

एक फवारा डावीकडे, एक उजवीकडे.
मान जराशी पुढे, श्वास हळू.
घशात उतरते जुन्या नाण्यासारखी कडू चव.
जन्मभर तिला वाटायचं
झोप डोळ्यांच्या दारातून येते.
सगळा बंदोबस्त तिकडेच:
पडदे, कागद, घोंगडी.
आणि हे मागचं दार,
कोळशाच्या धुळीने आतून काळं झालेलं,
त्याला साधी कडीही नव्हती.

पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री, दोन चाळीस.
तिसऱ्या रात्री शिंका. अकरा.
चौथ्या दिवशी वीज गेली ती सात तास,
आणि फ्रिजमध्ये, मोरोश्काच्या मुरंब्याशेजारी,
बाटली कोमट झाली.
"फेकून दे," मिरोन फोनवर म्हणाला,
"दोरा तुटला असेल आता."

तिने फेकली नाही.
कोटाच्या खिशात घातली आणि
भर उन्हातल्या त्या मध्यरात्री
बंदराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.
वर केबिनमध्ये कुणी पोरगी होती, लाल टोपीतली.
बादली खाली येत होती,
जरा तिरकी, मग सावरलेली,
मग टेकली. अलगद.
धूळसुद्धा उठली नाही.

"चांगला हात आहे," तइसिया म्हणाली.
फाटकावरचा फद्देई म्हणाला, "नवीन आहे. घाबरते फार."

तेव्हा तिला जांभई आली.
जबडा मोडेल एवढी, डोळ्यांत पाणी आणणारी,
या उन्हाळ्यातली पहिली.
फद्देईने तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता,
त्यालाही आली.

वर क्रेन क्षणभर थांबली.
लाल टोपी मागे झुकली,
तिचं तोंड उघडलेलं
इथून एवढंसं दिसलं.