आहे त्या स्थितीत

उईके हवालदारांनी खडूनं वर्तुळ काढलं ढिगाभोवती,
पोरं गोट्यांसाठी काढतात तसं,
आणि म्हणाले, यातलं काही हलवायचं नाही.
विकायचं नाही. वितळवायचं तर नाहीच.
किती दिवस?
पंधरा, म्हणाले. मग कागद उलटून वाचला:
किंवा पुढील आदेशापर्यंत.

लकडगंजच्या या गोदामात
एकतीस वर्षं मी कुठल्या वस्तूला मुक्काम करू दिला नाही.
सकाळी आलेला कूलर
दिवेलागणीपर्यंत पत्रा वेगळा, मोटर वेगळी,
वाळ्याचा वास तेवढा अंगणात रेंगाळायचा.

बासष्ट किलो तांबं, साल जाळलेलं,
रेल्वेच्या केबलचं, असा संशय.
आणणाऱ्याच्या आधारकार्डाची झेरॉक्सची झेरॉक्स,
चेहऱ्याच्या जागी काळा ढग.
मी नाव लिहिलं, वजन लिहिलं.
रकाने भरले की माल धुतला जातो
असं मला वाटायचं.

आणि त्याच घटकेला काट्यावर होतं
तांडापेठेतल्या चंद्रभागाबाई निमजेंचं घंगाळ.
सव्वासात किलो. एकोणतीसशे मोजून दिलेले.
यादीत तेही गेलं तांब्याच्या मागोमाग:
अनुक्रमांक चार, पितळी भांडे, जुने,
काठ एका बाजूस दबलेला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या पदराची गाठ सोडत.
परत द्या जी भाऊ. दोनशे कमी आहेत, देईन मागून.
मी वर्तुळाकडे बोट दाखवलं.
उईकेंनी विचारलं, तुमचं असल्याची पावती?
पावती?
घरात माग होता तोवर यातच सुताला खळ दिली, साहेब.
सासूबाई गेल्या तेव्हा पाणीही यातच तापवलं.
त्याची कोण पावती फाडते?
लांबूनच त्यांनी हवेत पंजा वाकवला
आणि तो बरोबर त्या पोच्याएवढा होता.
उईकेंनी पाहिलं.
पंजा कुठल्या रकान्यात लिहायचा
हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवस झाले. चाळीस झाले.
तांब्याचा भाव चढला, कळमन्याचा भट्टीवाला
फोनवर फोन करून थकला.
खडू पायांनी पुसायचा;
झनकलाल रोज सकाळी नव्यानं काढायचा
आणि रोज थोडा चुकायचा.
एकदा सायकलची रिम आत गेली.
एकदा माझ्या खुर्चीचा एक पाय.
त्या दिवशी मी दुपारपर्यंत उभाच होतो,
उगाच.

बाई दर मंगळवारी यायच्या, चिंच आणि मीठ घेऊन.
काळं पडून राह्यलं जी, थोडं घासू द्या.
घासता येत नाही, बाई. आहे त्या स्थितीत ठेवायचं.
मग बसायच्या वर्तुळाबाहेर, चहा घ्यायच्या,
चिंच परत न्यायच्या.
मीही बघू लागलो घंगाळाकडे.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा पितळ बघितलं
भाव न विचारता.
तळाशी ठोक्यांच्या खुणा होत्या, गोल गोल आत जाणाऱ्या.
कोणीतरी दिवसभर बसून मारलेले ठोके.

पावसाळा उलटल्यावर कोर्टातून सुपूर्दनाम्याचा कागद आला.
विकणार नाही, वितळवणार नाही, स्वरूप बदलणार नाही,
बोलावतील तेव्हा हजर करीन.
मी बासष्ट किलोंसाठी सही ठोकली, न वाचता.
बाईंनी मात्र ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला.
हजर करीन म्हणजे कोणाला? मला, का घंगाळाला?
कारकून म्हणाला, दोघांनाही.
हो का, म्हणाल्या, आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचंसुद्धा.

दोनशे रुपये अजून बाकी आहेत.
मी मागत नाही, त्या विसरत नाहीत.

गोदामाच्या दारात डोक्यावर घंगाळ घेऊन
त्या उईकेंकडे वळल्या:
आता तरी चिंच चालते का जी?
केस सुरूच होती. तांब्याचा पोरगा सापडला नव्हता.
उईके बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.
मग हळूच म्हणाले,
काठ सोडून घासा.