सर्व्हे नंबर एकशे बारा

पहिला दिवस तेर. दुसरा दिवस पैठण.
शेवटी नाथसागरात पाऊण तास बोट,
चहा-बिस्किटांसह.
पत्रकात असंच छापलंय, आणि खाली माझं नाव :
मार्गदर्शक, कु. विशाखा दुधमल.

बत्तीस माणसं. बहुतेक पेन्शनीतली,
लातूरची, उदगीरची, दोघं अहमदपूरचे.
वह्या आणलेल्या. प्रश्न मला विचारतात
आणि उत्तर एकमेकांना सांगून टाकतात.

तेरला मी म्हणाले, याचं जुनं नाव तगर.
इथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं,
पुढं गलबतानं थेट रोमच्या बाजारात.
काचेमागचे मणी बघून मुळजकर काकूंनी विचारलं,
"असे आता कुठं मिळतात?"
सगळे हसले. मीही हसले.
दोन हजार वर्षं झाली, गिऱ्हाईक अजून दारात उभं.

पैठणला नागघाट. मग मागावरचा एक मुलगा,
त्याच्या हाताखाली मोराचा गळा अर्धाच विणलेला.
कुणीतरी म्हणालं, महिन्याला सुटतात किती?
त्यानं हिरवी कांडी आत घातली, पिवळी बाहेर काढली.
उत्तर नाही.

आणि मग बोट.
इथलं माझं भाषण सगळ्यात पक्कं पाठ आहे.
दरवाजे सत्तावीस, हिवाळ्यात रोहित पक्षी,
डावीकडे बघा, आता उजवीकडे.
"मंडळी, या पाण्याखाली..." म्हणाले
आणि स्पीकरची बॅटरी गेली.

तेवढ्यात बसलिंगअप्पा कोराळ्यांनी हात वर केला,
शाळेतल्या पोरासारखा, कोपर न वाकवता.
दोन दिवसांत हा माणूस एक शब्द बोलला नव्हता.
वही कोरी. पेन खिशातच.
"बाई, मशीन जरा बंद करता येईल का?"

आसारामनं माझ्याकडे न बघताच बंद केलं.

अप्पांनी एक डोळा मिटला.
एक बोट त्या शिखराकडे, एक टेकडीकडे.
"रेष बरोबर असेल तर खाली एकशे बारा.
दोन एकर चौदा गुंठे. बागायत.
विहीर एक, बांधीव.
आंबे..."
इथं थांबले.

"मी तेव्हा मोजणीत होतो. साखळी ओढायचो.
बावीस वर्षांचा. एप्रिल महिना.
आंबे मी दहा लिहिले.
अकरावा पार बांधाच्या टोकाला, एकटा.
लांबून वाळल्यासारखा दिसला.
तिथवर चालत जायचा कंटाळा आला.
मालकीण म्हणाली, साहेब, वाळला नाही,
यंदा मोहर नाही इतकंच.
म्हटलं, पुढच्या फेरीला बघू.
पुढची फेरी झाली नाही."

कुणी वहीत काही लिहिलं नाही.
बोट वाऱ्यानं हळूहळू कलत राहिली,
एकशे बारावरून एकशे तेरावर,
का अजून पुढं, कोण जाणे.

माझ्या कागदावर यानंतर "चहा" होता.
मी थर्मास उघडला. कप पुढं केले.
अप्पांचा कप हातात तसाच राहिला, साय धरेपर्यंत.

मागून आसाराम बोलला, पाण्याकडं बघत,
"मंग त्यो शेप्या असंल."
"काय?"
"शेप्या आंबा. बांधावरचा.
एक साल आड यायचा त्यो.
आमची माय सांगायची,
ज्या सालाला यायचा ना, फांद्याला टेकू लावा लागायचा."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले.
आसारामनं दोरी ओढली. मशीन पहिल्यांदा लागलं नाही.
दुसऱ्यांदा लागलं.

येताना मी काही सांगितलं नाही.
डावीकडे रोहित पक्षी होते. ज्यांना दिसले, त्यांना दिसले.

धक्क्यावर उतरताना डोकी मोजली :
बत्तीस.
अप्पा सगळ्यात शेवटी होते, पार टोकाला, एकटे.
त्यांच्यापर्यंत चालत गेले
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली.