अर्धं तिकीट

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं.
तस्लीमनं लिहिलं, घरगुती अडचण.
मीही तेच, तिचं बघून,
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट.
बिरादार सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले,
चष्मा कपाळावर चढवला.
"एकच अडचण दोन घरांत कशी काय शिरली गं?"
आम्ही फरशी बघत राहिलो.
सोमवारी प्रॅक्टिकल आहे, एवढंच म्हणाले
आणि सही केली. चार दिवस.

आईला मात्र खरं सांगितलं.
आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते.
आपल्या जागी चुलीपाशी दुसरं कुणी उभं केल्याशिवाय
तिला आजारीही पडता येत नाही.
"कशाला जाऊलालीस?"
बघायला.
"काय?"
ते गेल्यावर कळंल.
बराच वेळ कणीक मळत राहिली.
मग दशम्यांची चळत फडक्यात बांधताना बोलली:
"एकेक रुपाया वहीत लिही. आल्यावर मला दाखव."

सहाशे चाळीस रुपये.
त्यात तस्लीमचे मेंदीच्या कोनांचे दोनशे.
बायकांना एसटीत अर्धं तिकीट,
म्हणजे पैसे जिथं संपायला हवेत
त्याच्या पुढं तेवढंच अजून, हा तिचा हिशेब.
बाराव्या वर्षी सुटलेलं अर्धं तिकीट
पुन्हा हातात आलं
आणि त्याच्यासोबत खिडकीवरून भांडणंही.

कंधार. चहा एक, दोघींत. दहा.
किल्ल्याच्या खंदकात हिरवं, जाड पाणी,
त्यात एक म्हैस, नाकापर्यंत बुडालेली,
आम्ही गेलो तेव्हाही, निघालो तेव्हाही.
रात्री तस्लीमच्या फुफूकडं.
तिनं विचारलं फक्त, तिखट चालतं का?

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दारात डोक्याला रुमाल देतात.
तस्लीमची ओढणी आधीच डोक्यावर.
तू जा बेटा, म्हणाले तिला.
मी मागं, केशरी रुमालाची गाठ सुटता सुटत नाही.
जेवलो. मग ताटं घासली,
शेकडो ताटं, शेजारी एक लष्करातला रिटायर आजोबा,
तो राखेनं घासावं तसं घासत होता.
मी वहीत लिहिलं: जेवण, शून्य.
तस्लीमनं खाली: कोपरं दुखली, दोन.

औंढ्याहून जिंतूरला जाताना गाडी बंद पडली.
कंडक्टर बॉनेटवर वाकून ड्रायव्हरला शिव्या देत होता,
ड्रायव्हर डेपोला.
माळावर पळस, पान एक नाही, नुसता पेटलेला.
तीन तास.
रानातून एक बाई आली, डोक्यावर ढाळ्यांचा भारा,
खिडकीतून एक पेंढी आत सारली.
किती, विचारलं, तर म्हणाली,
"तुमची गाडी मी बंद पाडली व्हय?"
ह्याचा मला अजून अर्थ लागला नाही.
आम्ही घाटे सोलून खात राहिलो, बोटं आंबट झाली,
आणि कुणी आम्हाला काही शिकवत नव्हतं.

परभणीहून पॅसेंजरनं परत. उरले एकोणीस.

आईनं वही बोट ठेवून वाचली.
एका ओळीवर बोट थांबलं.
"गाडी बंद, तीन तास, शून्य.
हे कशाला लिहिलीस?"
तूच म्हणालीस, सगळं लिही.
"मग काय केलाव तीन तास?"
बसलो.
"नुसतंच?"
नुसतंच.
ती एवढी हसली की शेजारच्या काकू डोकावल्या.
मग उद्याची डाळ निवडायला बसली,
आणि सुपाकडं बघतच: "अर्धं तिकीट कुठवर चालतंय म्हणे?"
राज्यात कुठंबी, मी म्हणाले.

सोमवारी प्रॅक्टिकलला कच्ची वही विसरले.
तीच बॅगेत होती, तीच काढली.
शेवटच्या पानावर, पेन्सिलनं,
किराणाच्या यादीतल्यासारखी वर चढत गेलेली अक्षरं:
उदगीर ते

पुढं काही नाही.
जागा सोडून, त्याच्या बरीच खाली
मी ब्युरेटचं रीडिंग लिहिलं.