नमुना क्रमांक एक्केचाळीस

वालुकाश्म. डायनोसॉरच्या काळातला.
चिठ्ठीवर एवढंच. गावाचं नाव कसरीनं खाल्लं.

सोलापुरात असला दगड नाही, सर म्हणतात,
आपल्याकडे वर-खाली सगळा काळाच;
विहीर खणा, पाया खणा, सुरुंग लावा,
काळाच.
हा कुणीतरी ट्रंकेत घालून रेल्वेनं आणला असेल.

मी प्रयोगशाळेचा शिपाई, अंकम.
दर शनिवारी ओल्या फडक्यानं त्याला पुसतो.
पाठीवर लाटा आहेत, बोटबोट अंतरानं,
उथळ पाण्यानं कुठल्याशा दुपारी काढलेल्या.
मग पाणी परत आलंच नाही का, पुसायला?

आमच्या नायनांनी चाळीस वर्षं
साखर पेठेत चादरी विणल्या.
मागाच्या खडखडाटात कान गेले;
आता भिंतीला तळहात लावून सांगतात
शेजारचा माग चालू की बंद.

एका शनिवारी त्यांना घेऊन आलो.
सरांना विचारलं नाही.
नायनांनी चष्मा काढून ठेवला,
दगडावरून अंगठा फिरवला, सावकाश,
या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि मध्येच थांबले.

"इथं धागा तुटलाय."

वाकून बघितलं.
लाटा मोडून तिथं एक खळगा,
पुढे तीन टोकं.
इतकी वर्षं मी त्याला टवका समजत होतो.

"विणणाऱ्याचं लक्ष गेलं असेल," नायना म्हणाले,
"दारावरून कुणीतरी गेलं."

चष्मा लावून ते चहाचं विचारू लागले.
खळग्यात माझ्या फडक्याचं पाणी साचलं होतं.
टिपायचं राहिलं.