हिरवा संपला होता

प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं मी शाई घोटली.
तिथं रंगाला नंबर असतो आणि नंबराला साहेब.
एक छटा इकडची तिकडे झाली
की अख्खा घाणा बाद,
वर मेमो.

ते पुस्तक मिळालं भद्रकालीत, रद्दीच्या काट्यावर.
फ्रेंच. एक अक्षर कळेना.
चित्रकाराचं नाव मी वाचलं रोवाल्ट.
आत जांभळी झाडं, केशरी नदी,
एक डोंगर इतका लाल, की तळव्याला ऊब लागावी.

मग त्याचं चरित्र मी चित्रांवरूनच लावलं.
सुरुवातीची पानं करडी :
कोळशाचं गाव असणार, खोकणारा बाप.
मध्येच एक जपानी छत्री, कुणीतरी बोटीवरून आणलेली.
मग एकदम दक्षिणेचं ऊन, पानभर.
आणि पान बत्तीसपासून हिरवा गायब.
शेतं निळी, वेली निळ्या,
बकरी खाते ते गवतसुद्धा निळं.
इथं त्याची आई गेली, मी ठरवलं.
माझी नुकतीच गेली होती, म्हणून असेल.

रविवारी सायकलला बोर्ड बांधून निघायचो.
आशेवाडीच्या बांधावर बसून रामशेज लाल केला.
मागं उभं राहिलेलं पोर म्हणालं,
बाबा, वणवा लागलाय का?
म्हटलं, नाही रे. आज त्याला सुट्टी आहे.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरीच्या वाइनरीत
एक फ्रेंच तंत्रज्ञ आला.
माझा भाचा भगीरथ तिथं पिंपं धुतो, त्यानं गाठ घालून दिली.
चिवड्याची बशी बाजूला सारून मी पुस्तक उघडलं.
तो हसला : रुव्हो, रुव्हो.
शेवटची अक्षरं आम्ही गिळतो.
मग पान बत्तीस. बोट ओळीवर, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं :
या वर्षी रंगाच्या दुकानात उधारी फार.
हिरवा दिला नाही.
निळा घरात शिल्लक होता.

आणि आई?
त्यानं पानं मागं-पुढं केली.
आई नव्वदीपर्यंत जगली, म्हणाला.
कोंबड्या पाळायची.

बसमध्ये आधी हसू आलं. म्हसरूळ येईतो गेलं.
अकरा वर्षं मी त्या निळ्यात जे बघत होतो
तिथं दुकानदाराची वही होती.

काल गंगापूर धरणावर गेलो.
हिरव्याची ट्यूब भरलेली, ती घरीच ठेवली.
द्राक्षांच्या ओळी निळ्या काढल्या.
बऱ्या झाल्या. पाणी जरा जास्त पडलं.
डाव्या कोपऱ्यात
एक कोंबडीपण काढली.